टेनिस बॉलवर घडलेली हटके अ‍ॅक्शन; मग पहिला सीझन बॉल कोणता घ्यायचा?

गावाकडच्या टेनिस क्रिकेटमध्ये एक तरी बॉलर असा असतोच, ज्याची अ‍ॅक्शन बघून समोरची टीम आधी हसते आणि दोन ओव्हरनंतर गप्प बसते. कुणाचा हात कानाजवळून यायच्या ऐवजी खांद्याच्या बाजूने येतो. कुणी उलट्या पायावर बॉल सोडतो. कुणी चार पावलं चालत येतो आणि अचानक हात फिरवतो. यातल्या कुणालाच कोचने शिकवलेलं नसतं. अंगणात, शेताच्या कडेला, शाळेच्या मैदानावर जसं जमलं तसं जमलं.

टेनिस बॉलवर हे सगळं चालून जातं. प्रश्न येतो तो सीझन बॉल, म्हणजे लेदर बॉल हातात घेताना. तालुक्याची टीम, शाळेची टीम, जिल्ह्याची निवड चाचणी, सगळीकडे खेळ लेदर बॉलवरच होतो. मग घरच्यांकडे पैसे मागून बॉल आणला जातो आणि पहिल्याच आठवड्यात खांदा दुखायला लागतो, यॉर्कर फुलटॉस पडायला लागतो. कुणीतरी म्हणतं, 'तुझी अ‍ॅक्शनच चुकीची आहे.' मुलाला तेच खरं वाटतं आणि खेळ सुटतो.

पण बऱ्याचदा दोष अ‍ॅक्शनमध्ये नसतो. चुकीचा बॉल, चुकीचं वजन आणि चुकीची घाई, हे तिन्ही एकत्र आलेलं असतं. म्हणून पहिला बॉल निवडताना नेमकं काय बघायचं, ते समजून घेऊया.

श्रीरामपूरला हा विषय जवळचा का आहे?

छोट्या गावातून निघून भारताचा फास्ट बॉलर होता येतं, हे श्रीरामपूरला कुणी पटवून द्यायची गरज नाही. झहीर खानचा जन्म इथलाच, ७ ऑक्टोबर १९७८ चा. शालेय शिक्षणही श्रीरामपुरातच झालं. वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास तो मुंबईला गेला. तिथे माजी कसोटीपटू सुधीर नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली नॅशनल क्रिकेट क्लबकडून खेळला आणि पुढे चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये तयार झाला. प्रथम श्रेणी क्रिकेटची सुरुवात त्याने बडोद्याकडून केली आणि २००० मध्ये भारतीय संघात आला. कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर ९२ कसोटींत ३११ आणि २०० वनडेत २८२ विकेट होत्या. २०११ चा वर्ल्ड कप भारताने जिंकला, त्यात त्याने २१ विकेट घेतल्या. शाहिद आफ्रिदीसोबत त्या स्पर्धेतल्या त्या सर्वाधिक होत्या.

झहीरची अ‍ॅक्शन विचित्र नव्हती. पण त्याच्या कारकिर्दीतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सुरुवातीला त्याच्या अ‍ॅक्शनमध्ये मोठी उडी होती. पुढे त्याने रनअप कमी केला, उडी छोटी केली, वेगापेक्षा नियंत्रणावर भर दिला. २००६ मध्ये इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून एका मोसमात ७८ विकेट काढल्या आणि तिथून त्याची दुसरी इनिंग सुरू झाली. आपल्या शरीराला काय झेपतं आणि हातातला बॉल काय करू शकतो, हे ओळखून त्याने बॉलिंग बदलली. पहिला बॉल निवडतानाही हेच दोन प्रश्न विचारायचे असतात.

हाताच्या मापाचा बॉल मिळतो का?

'बॉलिंग' नावाचा दुसरा एक खेळ आहे. लाकडी पट्टीवरून जड बॉल घरंगळत सोडून दहा पिना पाडायच्या, तो टेनपिन बॉलिंग. मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये तो दिसतो. त्यात बॉल खेळाडूच्या हाताप्रमाणे बनवून घेता येतो. वजन निवडता येतं आणि बोटांच्या मापाने भोकं पाडून मिळतात. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमाँटी दोन्ही हातांनी बॉल टाकतो आणि अंगठा भोकात घालतच नाही. या पद्धतीला आधी नाकं मुरडली गेली, पण त्याच पद्धतीने तो त्या खेळातला सर्वांत यशस्वी खेळाडूंपैकी एक झाला.

क्रिकेटमध्ये अशी सोय नाही. बॉलचं वजन आणि घेर नियमाने ठरलेला असतो, त्यामुळे हातालाच बॉलशी जुळवून घ्यावं लागतं. तरीही निवडीला बरीच जागा उरते: वजनाचा गट, शिवणीची उंची, चामड्याचा दर्जा, आतला गाभा आणि रंग. हटके अ‍ॅक्शनच्या बॉलरने या पाच गोष्टी नीट बघितल्या तरी अर्धं काम होतं.

आधी वजनाचं गणित

साध्या टेनिस बॉलचं वजन ५६ ते ५९ ग्रॅमच्या आसपास असतं. आपल्याकडे स्पर्धांमध्ये वापरला जाणारा हार्ड टेनिस बॉल त्याहून बराच जड असतो. लेदर बॉलचे ढोबळ गट असे:

• मोठ्या पुरुषांचा बॉल: साधारण १५६ ते १६३ ग्रॅम, घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर

• महिलांचा बॉल: साधारण १४० ते १५१ ग्रॅम, घेर २१ ते २२.५ सेंटिमीटर

• १३ वर्षांखालच्या मुलांचा बॉल: साधारण १३३ ते १४४ ग्रॅम, घेर २०.५ ते २२ सेंटिमीटर

म्हणजे साध्या टेनिस बॉलवरून थेट मोठ्या सीझन बॉलवर गेलं, तर हातातलं वजन पावणेतीन पट होतं. आणि हे वजन लांब केलेल्या हाताच्या टोकाला, पूर्ण वेगात फिरत असतं. हात कानाजवळून येणाऱ्या बॉलरला हा फरक जाणवतोच. पण ज्याचा हात बाजूने फिरतो, त्याच्या खांद्याच्या पुढच्या भागाला आणि कोपराच्या आतल्या बाजूला जास्त ओढ बसू शकते.

त्यामुळे पहिला नियम साधा आहे. वय १३ च्या आत असेल तर ज्युनिअर बॉलच घ्यायचा. मुलीसाठी घेत असाल तर महिलांच्या वजनाचा मागायचा. तालुक्याच्या दुकानात बऱ्याचदा एकच माप ठेवलेलं असतं आणि 'हाच सगळे नेतात' असं सांगितलं जातं. अशा वेळी ऑर्डर देऊन मागवलेला बॉल चार दिवस उशिरा आला तरी चालेल. टेनिस आणि सीझनच्या मध्ये महिनाभर हार्ड टेनिसवर काढला, तर खांद्याला सवय व्हायला वेळ मिळतो.

टू-पीस आणि फोर-पीस म्हणजे काय?

सीझन बॉलच्या आत कॉर्क असतो, चांगल्या बॉलमध्ये त्यावर लोकरीच्या दोऱ्याचे थर गुंडाळलेले असतात आणि वरून चामडं शिवलेलं असतं. हे चामडं दोन तुकड्यांचं असेल तर टू-पीस, चार तुकड्यांचं असेल तर फोर-पीस. फोर-पीसमध्ये प्रत्येक अर्ध्या भागावर आडवा, आतून शिवलेला बारीक जोड दिसतो. मोठ्या सामन्यांमध्ये फोर-पीसच वापरतात, कारण तो आकार जास्त वेळ टिकवतो. टू-पीस स्वस्त असतो आणि सरावाला पुरतो, पण लवकर वाकडा किंवा मऊ होऊ शकतो.

जगभरात तीन नावं सारखी ऐकू येतात. भारतातल्या कसोटी सामन्यांत मेरठच्या एसजी कंपनीचा बॉल असतो. तो हाताने शिवलेला, त्यामुळे त्याची शिवण उठावदार असते आणि बराच वेळ तशीच राहते. इंग्लंडमध्ये ड्यूक्स वापरतात, तोही हाताने शिवलेला. ऑस्ट्रेलियाच्या कुकाबुराच्या बाहेरच्या ओळी मशीनवर शिवतात. त्याची शिवण लवकर बसते आणि नंतर बॉलरला जास्त मेहनत घ्यावी लागते. आंतरराष्ट्रीय वनडे आणि टी-ट्वेंटीमध्ये पांढरा कुकाबुरा असतो.

पहिल्या बॉलसाठी यातलं सगळ्यात महाग मॉडेल घ्यायची काहीच गरज नाही. कंपन्यांचे सरावाचे, क्लबचे आणि सामन्याचे असे वेगवेगळे प्रकार असतात. पहिल्यांदा घेणाऱ्याने मधल्या दर्जाचा, हाताने शिवलेला, लाल फोर-पीस बघावा. पांढरा बॉल लवकर मळतो. स्पर्धा पांढऱ्या बॉलवर असेल तरच तो घ्यावा.

शिवण नेमकं काय करते?

अ‍ॅक्शननुसार बॉल का बदलतो, हे समजायला थोडं विज्ञान लागतं. बॉल हवेतून जाताना त्याच्या पृष्ठभागाला चिकटून हवेचा पातळ थर वाहतो. शिवण किंचित तिरकी ठेवून टाकली, की एका बाजूच्या थराला शिवणीचा अडथळा लागतो आणि तिथली हवा खळबळते. खळबळलेली हवा बॉलला जास्त वेळ चिकटून राहते, दुसऱ्या बाजूची लवकर सुटते. दोन्ही बाजूंच्या दाबात फरक पडतो आणि बॉल शिवणीच्या दिशेने वळतो. हा झाला नेहमीचा स्विंग.

पण त्यासाठी एक अट आहे. बॉल हवेत असताना शिवण डगमगता कामा नये. हात उंचावरून आला आणि बोटं बॉलच्या मागून सरळ खाली आली, तर बॉल शिवणीच्या रेषेतच उलटा फिरतो आणि शिवण सरळ राहते. हात बाजूने आला की बोटं बॉलच्या कडेने घासतात. मग शिवण कलते किंवा भोवऱ्यासारखी आडवी फिरते. अशा बॉलरला उठावदार शिवणीचा हवेत मिळणारा फायदा कमी होतो. त्याचं हत्यार वेगळं असतं: बॉल सुटण्याची खालची जागा, कमी उसळी, उशिरा होणारी बुडी आणि बॅट्समनच्या डोळ्यांना न सापडणारा कोन.

म्हणूनच 'सगळ्यात चांगला बॉल कोणता?' या प्रश्नाला एकच उत्तर नसतं.

तुमची अ‍ॅक्शन कोणती आणि बॉल कोणता?

१. स्लिंग, म्हणजे गोफणीसारखी अ‍ॅक्शन

लसिथ मलिंगाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. श्रीलंकेतल्या गॉलजवळच्या रत्गामाचा हा मुलगा समुद्रकिनाऱ्यावर टेनिस बॉलने खेळत मोठा झाला. हात जवळजवळ आडवा यायचा. याच अ‍ॅक्शनवर त्याने वनडेत ३३८ विकेट घेतल्या आणि २००७ च्या वर्ल्ड कपमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सलग चार बॉलवर चार विकेट काढल्या.

अशा बॉलरने शिवणीच्या उंचीपेक्षा बॉलच्या गोलाईला आणि चामड्याच्या कडकपणाला महत्त्व द्यावं. बॉल एका बाजूने चपटा झाला, की कडेने सुटणारा हात दिशा चुकवतो. शक्य असेल तर अर्धा लाल, अर्धा पांढरा असा सरावाचा बॉलही घ्यावा. शिवण हवेत किती कलते, ते मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये लगेच दिसतं.

इथे धोकाही आहे. स्लिंग अ‍ॅक्शनमध्ये बॉल सोडायला क्षणभर लवकर झाला तर तो थेट अंगावर जातो. कमरेच्या वर गेलेला फुलटॉस नो बॉल असतो, आणि सीझन बॉलचा असेल तर समोरच्याला जबर लागू शकतं. त्यामुळे पहिले काही दिवस मोकळ्या नेटमध्ये, एका स्टंपवर टाकायचं. समोर बॅट्समन उभा करायचा तो हेल्मेट, पॅड, ग्लोव्हज आणि गार्ड घातलेलाच.

२. बाजूने येणारा हात, पण संथ बॉलिंग

पुण्याचा केदार जाधव बॉल टाकताना इतका खाली वाकायचा, की हात अंपायरच्या कमरेच्या उंचीवरून आल्यासारखा वाटायचा. टेनिस बॉल क्रिकेट खेळत तो पुढे आला होता. २०१६ मध्ये धरमशालेच्या वनडेत धोनीने त्याच्याकडे बॉल दिला आणि त्याने न्यूझीलंडच्या दोन बॅट्समनना सलग दोन बॉलवर बाद केलं. बॉल उसळतच नव्हता, त्यामुळे मोठा फटका मारायला जागा मिळत नव्हती.

ज्यांची बॉलिंग अशी आहे, त्यांनी नव्या बॉलवर पैसे घालवू नयेत. वीस-तीस ओव्हर वापरलेला, थोडा मऊ झालेला पण गोलाई टिकलेला बॉल त्यांना सर्वांत उपयोगी. अ‍ॅकॅडमीत किंवा क्लबात असे बॉल बाजूला पडलेले असतात. मागितले तर बऱ्याचदा मिळतात.

३. ताठ हात, छोटा रनअप

जसप्रीत बुमराहने लहानपणी दुपारी आईची झोपमोड होऊ नये म्हणून भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यावर बॉल टाकायचा सराव केला, ही गोष्ट त्याने स्वतः सांगितलेली आहे. त्याचा हात ताठ येतो, रनअप छोटा आणि अडखळता, पण बॉल सुटताना शिवण मात्र सरळ असते. अशा अ‍ॅक्शनला उठावदार, हाताने शिवलेल्या शिवणीचा पुरेपूर फायदा मिळतो. चार पैसे जास्त खर्च करायचे तर इथे करावेत.

४. उलट्या पायावर सोडणारे

पाकिस्तानचा डावखुरा सोहेल तन्वीर अशाच अ‍ॅक्शनने पहिल्या आयपीएलमध्ये, २००८ मध्ये, २२ विकेट घेऊन अव्वल ठरला. इथे बॉलपेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं. हातात नेहमी एकाच वजनाचा बॉल असू द्यावा. आज टेनिस, उद्या सीझन, परवा पुन्हा टेनिस असं केलं, तर बॉल सुटण्याचा क्षण रोज बदलतो आणि लाइन हरवते.

५. मनगटाने वेगात फिरकी टाकणारे

भागवत चंद्रशेखर यांचा उजवा हात पोलिओमुळे बारीक झाला होता. त्याच हाताने त्यांनी ५८ कसोटींत २४२ विकेट घेतल्या आणि १९७१ मध्ये ओव्हलवर ३८ धावांत ६ बळी घेऊन भारताला इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकून दिली. अशा बॉलरसाठी पकड महत्त्वाची. दुकानात बॉल हातात घेऊन, बोटं शिवणीवर ठेवून बघा. बोटं ताणल्यासारखी वाटत असतील आणि वय लहान असेल, तर माप मोठं आहे. नवीन बॉलवरचा चकचकीत लेप निसरडा असतो, म्हणून फिरकीवाल्यांनीही वापरलेल्या बॉलवर सुरुवात करावी.

६. दोन्ही हातांनी टाकणारे

यवतमाळ जिल्ह्यातून आलेला विदर्भाचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये मणिपूरविरुद्धच्या टी-ट्वेंटी सामन्यात त्याने ४ ओव्हर टाकल्या, चारही मेडन, आणि २ विकेट घेतल्या. बॉल दोन्ही हातांना एकच लागतो. फक्त हात बदलताना आधी अंपायरला सांगावं लागतं. न सांगता बदलला तर नो बॉल मिळतो.

डावखुऱ्यांसाठी वेगळा बॉल असतो का?

नाही. बॉल दोन्ही बाजूंनी सारखाच असतो. डावखुऱ्याला मिळतो तो फायदा कोनाचा. फरक पडतो तो चकाकी कुठल्या बाजूला ठेवायची, यात. बॉल जुना होत जातो तसा एक बाजू घासून चकचकीत ठेवतात आणि दुसरी खरबरीत होऊ देतात. झहीर रिव्हर्स स्विंग टाकताना रनअपमध्ये उजव्या हाताने बॉल झाकून आणायचा, कारण चकचकीत बाजू दिसली की बॅट्समनला बॉल कुठे वळणार याचा अंदाज येतो.

'अ‍ॅक्शन बदल' असं सांगितलं तर?

बॉल घेण्याआधी हा प्रश्न सोडवलेला बरा. वेगळी असणं आणि चुकीची असणं, यात फरक आहे. मलिंगाला घडवणारे माजी बॉलर चंपका रामनायके यांनी त्याची अ‍ॅक्शन बदलायचा हट्ट धरला नाही, त्यावर काम केलं. पण दोन बाबतीत मात्र तडजोड नाही.

पहिली बाब कोपराची. हात खांद्याच्या पातळीवर आल्यापासून बॉल सुटेपर्यंत कोपर सरळ होता कामा नये, असा नियम आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये १५ अंशांपर्यंतची मोकळीक आहे. हात वाकलेला असणं हा गुन्हा नाही, तो वाकलेला हात झटक्याने सरळ करणं म्हणजे फेकणं. हलक्या टेनिस बॉलला वेग यावा म्हणून हा झटका नकळत अंगवळणी पडतो. सीझन बॉलवर तो पकडला जातो, आणि ऐन निवड चाचणीत पकडला गेला तर फार वाईट वाटतं. मोबाईलवरून अंश मोजता येत नाहीत, पण समोरून आणि बाजूने काढलेला व्हिडिओ कोचला दाखवता येतो.

दुसरी बाब पाठीची. पूर्ण आडवं उभं राहून टाकणं चालतं, पूर्ण समोर बघून टाकणंही चालतं. पण कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला असतील, तर कण्याच्या खालच्या भागाला पीळ बसतो. वाढत्या वयातल्या फास्ट बॉलरना तिथे हाडाला बारीक तडा जाण्याचा धोका असतो. कंबरेत एका बाजूला दुखत असेल आणि मागे वाकल्यावर वाढत असेल, तर थांबून डॉक्टरांना दाखवायचं. 'मसाज केला की जाईल' म्हणून पुढे खेळायचं नाही.

मैदान कुठलं, तेही बघा

श्रीरामपूरसारख्या भागात जमीन काळी. ती सुकली की टणक आणि भेगाळ, ओली झाली की चिकट. बऱ्याच ठिकाणी सिमेंटच्या पट्टीवर मॅट टाकून सराव चालतो. सिमेंटवर नवा महागडा फोर-पीस टाकला तर दोन दिवसांत त्याचं चामडं सोलून निघतं. तिथे टू-पीस किंवा जुना बॉल वापरावा. मातीच्या किंवा टर्फच्या विकेटवर चांगला बॉल काढावा.

हिवाळ्यात सकाळी दव असतं. चामड्याने पाणी पिलं की बॉल जड होतो आणि शिवण सुजते. असा बॉल चुलीजवळ किंवा कडक उन्हात सुकवायचा नाही. कापडाने पुसून सावलीत ठेवायचा.

दुकानात गेल्यावर काय तपासायचं?

• बॉल काचेच्या काउंटरवर हळूच घरंगळत सोडा. डगमगत किंवा वळत गेला तर गोलाईत खोट आहे.

• वजन करून बघा. शेजारच्या किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटाही चालतो. बॉलवर छापलेलं वजन आणि काट्यावरचं वजन जुळलं पाहिजे.

• अंगठ्याने चामडं दाबा. ते आतल्या थराला घट्ट बसलेलं असावं. आत पोकळी जाणवली तर ठेवून द्या.

• शिवणीवरून बोट फिरवा. उंची सगळीकडे सारखी हवी, टाका सुटलेला नको.

• बॉल आपल्या नेहमीच्या पकडीत धरा आणि दुकानाबाहेर उभं राहून अ‍ॅक्शन सावकाश करून बघा. हातातून निसटेल असं वाटलं तर माप बदला.

• एका महाग बॉलच्या पैशांत एक मधला फोर-पीस आणि एक टू-पीस येत असेल, तर दोन घ्या. एक सामन्याला, एक रोजच्या सरावाला.

बॉल घेतला, पुढचे दिवस कसे जाऊ द्यायचे?

पहिल्या दिवशी पूर्ण रनअपने टाकायचं नाही. उभ्यानेच पंधरा-वीस बॉल, मग तीन पावलांवरून, मग अर्ध्या रनअपने. असं करत दोन-तीन आठवड्यांनी पूर्ण वेगावर यायचं. मध्ये एक-एक दिवस खांद्याला विश्रांती द्यायची. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने लहान फास्ट बॉलरसाठी घालून दिलेली मर्यादा इथेही डोळ्यासमोर ठेवायला हरकत नाही: १३ वर्षांखालच्यांनी सलग ५ आणि दिवसभरात १० ओव्हरपेक्षा जास्त टाकू नये. आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी एखादा मुलगा सकाळी मॅच, दुपारी मॅच आणि संध्याकाळी नेट असं करतो. त्याची मोजणी कुणीच ठेवत नाही. ती वहीत ठेवायला आईवडिलांनी सुरुवात केली तरी खूप आहे.

बॉलला चकाकी आणायला घाम आणि कापड पुरेसं आहे. नियमांनुसार २०२२ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये थुंकी लावायला कायमची बंदी आहे. व्हॅसलिन, क्रीम असलं काही लावणं तर बॉलशी छेडछाड धरली जाते. ती सवय सरावातसुद्धा लागू नये.

शेवटी एवढंच

२०११ च्या वर्ल्ड कपमध्ये झहीरने एक वेगळाच बॉल टाकला. बॉल बोटांच्या टोकांत आणि पेरांत धरायचा, हात नेहमीच्याच वेगाने फिरवायचा, पण बॉल संथ आणि जवळजवळ न फिरता जायचा. हा 'नकल बॉल'. क्वार्टर फायनलमध्ये ऑस्ट्रेलियाचा माईक हसी त्यावर बोल्ड झाला. बॉल दोन्ही टीमच्या बॉलरना मिळाला होता तसाच, कंपनीचा साधा पांढरा बॉल. फरक होता तो बोटांनी त्याच्याशी केलेल्या मैत्रीत.

ती मैत्री व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ दुखरा खांदा घेऊन काढता येत नाही. म्हणून पहिला बॉल हाताला झेपेल असा असावा, मैदानाला चालेल असा असावा आणि खिशाला परवडेल असा असावा. अ‍ॅक्शन वेगळी आहे म्हणून लोक हसत असतील तर हसू द्यावं. कोपर नियमात आहे, पाठ दुखत नाही आणि बॉल स्टंपवर जातोय, एवढं जुळलं की तालुक्याच्या निवड चाचणीला नाव द्यायला हरकत नाही.